पद्मिनी विकायचीय, पण पीयूसीत नापास!

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. वडिलांनी १९८६ साली पिंपळगावला द्राक्षाच्या पैशातून नवीकोरी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. २०२१ ला आरसी त्यांनीच रिन्यू करून आणली, २०२२ ला ते गेले. त्यानंतर मी आणि माझ्या मित्रानं गाडीचं रूपच पालटलं. लष्कराच्या लिलावातून हातोहात फिरत आलेलं मारुती जिप्सीचं १३०० सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलं. दोन कार्बोरेटर, फ्री-फ्लो सायलेन्सर, रुंद टायर. गाडी पळते म्हणजे काय पळते! पण पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) निघत नाही. मशीनवर सीओ ६.२ टक्के आणि एचसी २१०० आलं. पीयूसीवाला म्हणाला, पाचशे जास्त द्या, दुसऱ्या गाडीवर काढून देतो.

आता बायकोचे दिवस भरत आलेत, नव्या फ्लॅटला पार्किंग एकच आहे, म्हणून गाडी विकायची ठरवली. तीन गिऱ्हाइकं आहेत. संभाजीनगरचा एक डीलर २ लाख १० हजार देतो. तो म्हणतो, पीयूसीचं मी बघतो, तुम्ही फक्त गाडी नावावर करायच्या २९-३० फॉर्मवर बाबांच्या नावची सही करून द्या. कॉलेज रोडचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा आहे त्या स्थितीत १ लाख ६० हजार द्यायला तयार आहे. मखमलाबाद रोडचा एक मिसळवाला ७० हजारात मागतोय, त्याला ती अंगणात फोटोसाठी उभी करायचीय. मित्र म्हणतो, व्हिंटेजमध्ये नोंदव, भाव वाढेल.

आरसी अजून बाबांच्याच नावावर आहे, मुदत सात महिन्यांनी संपते. बहीण धुळ्याला असते, तिची हरकत नाही. आई मात्र विकू नको म्हणते. मूळ इंजिन पिंपळगावला शेडमध्ये गोणपाटाखाली पडून आहे. पीयूसीचं काय करू आणि गाडी कुणाला देऊ?

— एक पद्मिनीवाला

उत्तर

पद्मिनीवाले, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. ती म्हणजे मूळ इंजिन शेडमध्ये पडून आहे, ही. ते भंगारात गेलं असतं तर माझं उत्तर चार ओळींत संपलं असतं आणि त्या चार ओळी तुम्हाला आवडल्या नसत्या. त्याकडे येतेच, पण तुम्ही पीयूसीचं विचारलंय, तर आधी ते उरकू.

१९८६ च्या पेट्रोल गाडीला पीयूसीची मर्यादा फार सैल आहे. गाडी जागेवर उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतात. तुमच्या सोसायटीतल्या बीएस-४ (धुराच्या नंतरच्या, कडक नियमांच्या) गाडीला हेच आकडे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम असे आहेत. म्हणजे सीओमध्ये तुम्हाला दहापट मोकळीक आहे आणि तरी तुम्ही दुपटीनं वर गेलात. एवढी सूट मिळूनही गाडी नापास होते तेव्हा दोष नियमाचा नसतो, कार्बोरेटरचा असतो.

सीओ वाढला म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एचसी वाढला म्हणजे पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर पडतंय. दोन्ही एकदम वाढलेत. माझा अंदाज असा, की दोन्ही कार्बोरेटरना मोठे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) घातलेत, एअर फिल्टरच्या जागी जाळीचे डबे आहेत आणि दोघांचा मेळ कधी नीट बसवलेलाच नाही. मित्रानं जास्त वेगासाठीची कॅमशाफ्टसुद्धा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातली असेल, तर कमी रेसवर एचसी वाढणारच. प्लग काढून बघा. काळे, काजळीनं भरलेले निघाले तर निदान पक्कं. कार्बोरेटर जाणणारा माणूस एका दुपारी हे आकडे मर्यादेत आणू शकतो. इंजिन चांगलं तापवायचं, प्लग बदलायचे, टायमिंग आणि फ्लोटची पातळी बघायची, दोन्हीकडचे मिक्स्चर स्क्रू सारखे लावायचे. पेडल दाबल्यावरची मजा थोडी कमी होईल, पण गाडी पास होईल.

आणि नेमका घोळ इथेच आहे. पीयूसीचं मशीन फक्त धूर हुंगतं, बॉनेट उघडून बघत नाही. उद्या तुम्ही स्क्रू फिरवून २.८ टक्क्यांवर आणलंत तर प्रमाणपत्र हातात येईल, तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल, आणि गाडी होती तितकीच बेकायदा राहील. आरसीवर १०८९ सीसीचं फियाटचं, म्हणजे मूळ पद्मिनीचं, इंजिन आणि त्याचा नंबर आहे, बॉनेटखाली मारुतीचं १२९८ सीसीचं. पत्रिका एकाची आणि बोहल्यावर उभा भलताच, असा हा प्रकार आहे. तुमची अडचण पीयूसीची नाही. पीयूसीनं फक्त ती आधी उघडी पाडली.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीचा मेळ तुटेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. इंजिन कामातून गेलं आणि त्याच बनावटीचं, त्याच जातीचं दुसरं बसवलं, तर ते आरटीओला कळवून आरसीवर नोंदवून घेता येतं. फियाटमध्ये जिप्सीचं इंजिन त्यात बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. त्यात बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर, टायर... मोजणी तुम्हीच करा. धुराची मर्यादा मोडून गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९० खाली १०,००० पर्यंतचा दंड वेगळा.

घाबरवायला हे लिहीत नाहीये. नाशिकला गाड्यांचं वेड जुनं आहे. सातपूरला महिंद्राचा कारखाना, देवळालीला तोफखान्याच्या जिप्सी, पावसाळ्यात आसपासच्या मातीत धावणाऱ्या रॅलीच्या गाड्या. हे बघत वाढलेल्या पोरानं बॉनेट उघडून काही केलं नाही तरच नवल. हौस मला कळते. पण हौस केली तुम्ही, गाडी विकलीत म्हणून ती दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

आता त्या २ लाख १० हजारवाल्याबद्दल. हा माणूस तुमच्याकडून काय मागतोय ते नीट वाचा. चार वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची सही. तिला खोटी सही म्हणतात, ती कुणाच्या पेननं झाली यानं फरक पडत नाही. बरं, गाडी बाबांच्या नावावर असताना फॉर्म २९ वर विकणारा म्हणून तुम्हाला तुमची स्वतःची सही करण्याचाही अधिकार नाही. डीलर असे सही केलेले फॉर्म खिशात ठेवतो, गाडी तिसऱ्याला देतो, तिसरा चौथ्याला. मधे कुणीही नावावर करून घेत नाही, कारण प्रत्येक वेळी फी भरावी लागते. उद्या सिन्नर-शिर्डी रस्त्यावर त्या गाडीनं कुणाला उडवलं, तर पोलीस पहिल्यांदा आरसीवरच्या पत्त्यावर येतील, म्हणजे पिंपळगावला, तुमच्या आईच्या दारात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय, की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्यानं मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. तुमच्या बाबतीत तो मालक हयात नाही, म्हणजे गुंता वारसांच्या गळ्यात. त्या डीलरला फोन करून नाही म्हणा. कारण सांगत बसू नका, तो प्रत्येक कारणावर तोड काढेल.

पीयूसीवाल्याच्या पाचशेचंही तसंच. प्रमाणपत्र आता ऑनलाइन निघतं, नंबर प्लेटच्या फोटोसकट वाहनाच्या नोंदीला जोडलं जातं. नळी दुसऱ्या गाडीत आणि फोटो तुमच्या गाडीचा, असं करून निघालेला कागद सहा महिने टिकेल, कारण तुमच्यासारख्या जुन्या गाडीला मुदतच तेवढी मिळते. आणि तो खोटा आहे हे विकणाऱ्या तुम्हाला माहीत असेल. घेणाऱ्यानं पुढे फसवणुकीची तक्रार केली, तर 'मला काय माहीत' म्हणायची सोय राहणार नाही.

मित्राच्या व्हिंटेजच्या सल्ल्याला एक परिच्छेद पुरे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी. तुमची तिथे २०३६ मध्ये पोचेल. शिवाय गाडी मूळ रूपात असावी लागते, इंजिन, चेसिस किंवा बॉडीत मोठा बदल चालत नाही. नोंदणीची फी २०,००० आणि एवढं करून रोज चालवायची परवानगी नाहीच. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. मित्राला म्हणावं, तू टायर निवड, कागदपत्रं राहू दे.

आणि उलट बाजूनं कुणी 'पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारच' असं सांगून भाव पाडायला लागलं, तर तेही मनावर घेऊ नका. वयावरून पेट्रोल गाडी बाद करण्याची भानगड दिल्ली आणि आसपासच्या भागाची. आपल्याकडे तपासणीत पास झालेली खासगी गाडी दर पाच वर्षांनी रिन्यू होते. तुमच्या बाबांनी ते २००१ पासून इमानेइतबारे केलंय.

आता शेडमधलं इंजिन.

माझं मत एकच आहे. गाडी परत १०८९ सीसीची करा आणि मग विका. जिप्सीचं इंजिन वेगळं विका. दोन्ही मिळून पैसे त्या डीलरच्या आकड्याला पोचतील की नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण जे येतील ते तुमचे असतील, कुणी परत मागायला येणार नाही.

हे काम वाटतं त्यापेक्षा किचकट आहे, म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी पिंपळगावची एक चक्कर मारा. गोणपाट काढा आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर घासून वाचा. तो आरसीवरच्या नंबराशी जुळतोय का? जुळलाच पाहिजे, असं गृहीत धरू नका. चाळीस वर्षांत एखाद्या गॅरेजवाल्यानं बाबांना न सांगता ब्लॉक बदललेला असणं अशक्य नाही. नंबर जुळला तर तिथेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नाही जुळला तर फिटिंगवर एक रुपया खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन बोला. इंजिन फियाटचंच असल्यामुळे तिथे वाट निघू शकते.

मग त्याच्यासोबत काय काय उरलंय ते बघा. मूळ गिअरबॉक्स आहे का? स्टिअरिंगखालच्या गिअरचे रॉड आहेत का, की फ्लोअर गिअर बसवताना कुणी भंगारवाल्याला दिले? प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केली असेल, तर दुसरी शोधावी लागेल. सोलेक्स कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, रेडिएटर. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, गिअरबॉक्स बसवायला मधला बोगदा (गाडीच्या तळाचा मधला उंचवटा) कापला का? पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा. तिथला पत्रा कापला आणि इंजिनाच्या माउंटिंगसाठी नवी पट्टी वेल्ड केली, तर ते पूर्ववत करायला चांगला पत्रेवाला लागतो. नुसता ठिगळ लावून वर रबरी चटई टाकू नका. घेणारा शहाणा असेल तर तो चटईच आधी उचलेल.

शेडमध्ये पडलेलं इंजिन थेट बॅटरी लावून फिरवायचं नाही. इतकी वर्षं बंद राहिल्यावर रिंगा चिकटलेल्या असू शकतात, आणि द्राक्षाच्या शेडमध्ये गंधकाची भुकटी उडतेच, ओलाव्यासोबत ती लोखंडाला खाते. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या आणि मग पुढच्या पुलीला पाना लावून हातानं हळूहळू फिरवा. मोकळं फिरलं तर नशीब. अडलं तर जोर करू नका, हेड उघडावं लागेल. सगळे रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा नवा घाला. सध्या पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, आणि गळक्या पाइपाखाली तापलेला एक्झॉस्ट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

सुट्या भागांसाठी शिंगाडा तलावावर हेलपाटे घालू नका, तिथे सीटकव्हर आणि हॉर्न मिळतील. फियाटचं सामान मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे विचारा. पद्मिनी कुर्ल्यातच तयार व्हायची, आणि मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, त्यामुळे तो बाजार अजून पुरता आटलेला नाही. टॅक्सीवर हयात घालवलेला एखादा म्हातारा मेकॅनिक भेटला तर कार्बोरेटर त्याच्याच हातून लावून घ्या. मूळ इंजिन धडधाकट असेल, तर ३ टक्क्यांच्या आत यायला त्याला कसरत करावी लागणार नाही.

जिप्सीच्या इंजिनाचं मात्र एक बघा. 'लिलावातून हातोहात फिरत आलेलं' असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बिल नसणार. त्याचा नंबर चोरीच्या गाड्यांच्या यादीत नाही ना, याची पोलिसांकडे चौकशी करून घ्या. लिलावाच्या पावतीची नुसती झेरॉक्स मिळाली तरी मिळवा. ते इंजिन शोधणारे जिप्सीवाले आहेत, पण कागद असलेल्या आणि नसलेल्या इंजिनाच्या भावात फार अंतर पडतं.

आता आई. तुम्ही तिचं म्हणणं एका ओळीत उरकलंत, जणू ते फक्त मायेचं आहे. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं त्यांच्या मालमत्तेत विधवा पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हिस्सा असतो. तुम्ही दोघंच भावंडं असाल आणि बाबांची आई हयात नसेल, तर गाडीचा एक तृतीयांश भाग आईचा आहे. त्यामुळे तिचं 'विकू नको' हे विनंती नसून एका मालकाचं मत आहे. गाडी वारसाच्या नावावर करताना तिचं आणि बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. बहिणीची तोंडी परवानगी तिथे उपयोगाची नाही, धुळ्याहून सही-शिक्क्याचा कागद आला पाहिजे.

तुम्ही आईला 'विकू का?' असंच विचारलंत ना? एकदा वेगळं विचारून बघा. तिला नको काय आहे, गाडी जाणं, की ती डीलरच्या हाती जाणं? की नवऱ्यानं जपलेल्या गाडीचं इंजिन काढून पोरानं गोणपाटाखाली टाकलं, हे तिला अजून खुपतंय? मी तिला ओळखत नाही, पण नवऱ्याच्या पश्चात पहिलंच मोठं काम म्हणून मुलानं त्याची गाडी उघडली, हे सगळ्याच बायकांना हौस म्हणून दिसत नाही. मूळ इंजिनावर चालणारी गाडी तिच्या दारात आणून उभी करा आणि तेव्हा विचारा. ती 'राहू दे इथेच' म्हणाली, तर पिंपळगावला जागेची अडचण नाही, तुमचा पार्किंगचा प्रश्न तिथेच सुटतो. मग बाकीचं उत्तर वाचायची गरज नाही.

विकायचंच ठरलं, तर क्रम चुकवू नका. इंजिन बसलं की पीयूसी. मग विमा. तो अजून बाबांच्या नावानं भरत असाल किंवा बंद पडला असेल, तर कंपनीला मृत्यूची माहिती देऊन निदान थर्ड पार्टी तरी चालू करा. मग पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रं देऊन गाडी तुमच्या किंवा आईच्या नावावर. खरं तर बाबा गेल्यावर ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत हे व्हायला हवं होतं. उशिराचा दंड पडेल, तो निमूट भरा. उच्च सुरक्षेची नंबर प्लेट बसवली नसेल, तर तीही आधीच लावून घ्या, तिच्याविना काम अडतं.

रिन्यूअलचं जरा गणित आहे. मुदत संपायच्या ६० दिवसांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही, म्हणजे अजून पाचेक महिने तो दरवाजा बंद. २० वर्षांवरच्या मोटारीची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झालीय, पर्यावरण कर निराळा. एवढे महिने थांबून, तपासणीत पास करून, २०३१ पर्यंतची आरसी हातात घेऊन विकलीत तर भाव चांगला येईल आणि घेणाराही निर्धास्त राहील. तेवढे महिने तुम्हाला इंजिनाच्या कामालाच लागतील. बाळ आधी येईल की गाडी, हे मात्र पत्रेवाल्यावर अवलंबून.

कॉलेज रोडच्या त्या मुलाला मी नाही म्हणणार नाही, पण आहे त्या स्थितीत गाडी देऊ नका. त्याला ती भुरळ जिप्सीच्या इंजिनानंच पाडलीय आणि त्याच्या वयात कलम ५२ कुणी वाचत नाही. त्याला सगळं खरं सांगा, जमलं तर त्याच्या वडिलांसमोर. गाडी मूळ स्वरूपात येतेय, बोगदा कापून पुन्हा जोडलाय, रिन्यूअल अमुक तारखेला. हे ऐकूनही त्याला हवी असेल तर तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक तोच. एवढंच, की त्यानं पुन्हा इंजिन बदलायची भाषा केली तर तुम्ही मदतीला जाऊ नका. मित्रालाही पाठवू नका.

मिसळवाल्याचे ७० हजार वाईट नाहीत. मखमलाबादकडे मिसळ खायला गेलं की अंगणात बैलगाडी, जुनी जीप आणि त्यावर चढलेली पोरं असतातच, त्यात पद्मिनीही शोभेल. मूळ इंजिन जाम निघालं किंवा पत्र्याचं काम आवाक्याबाहेर गेलं, तर तोच मार्ग धरा. पण मग आरटीओत रीतसर नोंदणी रद्द करून घ्या, जिप्सीचं इंजिन काढून ठेवा आणि गाडी टेम्पोवर चढवून पोचवा. 'एवढ्याशा अंतराला काय होतंय' म्हणून चालवत नेऊ नका. नोंदणी चालू ठेवून अंगणात उभी केलेली गाडी दोन वर्षांनी हॉटेलवाल्याच्या पुतण्याच्या हाती रस्त्यावर दिसायला वेळ लागत नाही.

ज्याला द्याल त्याच्याशी ५०० च्या स्टॅम्पवर करार करा. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, चेसिस आणि इंजिन नंबर, कोणते बदल केले होते आणि ते पूर्ववत केले, वेल्डिंग कुठे आहे, हे सगळं त्यात लिहा. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आणि घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला). राज्यातल्या राज्यात विक्री कळवायला तुमच्याकडे १४ दिवस असतात. ते घेणाऱ्यावर सोडू नका. दोघं मिळून अर्ज भरा, पोच स्वतःकडे ठेवा, आणि एमपरिवहन ॲपवर नवं नाव दिसेपर्यंत त्याच्याकडून थोडी अनामत घेऊन ठेवा. तेवढी रक्कम नाव लागल्यावर परत द्यायची असं ठरवलंत, की कागद हलवायची घाई तुमच्याइतकीच त्यालाही राहते.

आणि फास्टॅग बंद करा. नाहीतर गाडी त्याची, आणि पिंपळगावच्या टोलचे मेसेज तुमच्या मोबाइलवर.